लग्नगडी

रॅपच्या ओळी उलगडून सांगणारा म्हणून वर्गात माझं थोडं नाव आहे. ‘मवाली’ हा मूळ अरबी शब्द, आश्रित या अर्थाचा. आपल्याकडे येईतो तो गुंड झाला, आणि ‘स्वदेसी’ गटातल्या गायकानं तेच नाव हौसेनं घेतलं, असं मी कँटीनमध्ये ऐटीत सांगत असतो.

परवा कोळसेवाडीतल्या आमच्या खोलीत त्यांचं २०१९ सालचं ‘द वारली रिव्होल्ट’ लावलं होतं. त्यात आरेचे प्रकाश भोईर गातात. आजी भाकरी थापत होती. “कोण रे हा? आपल्यातला वाटतो.”

मी प्राध्यापकी सुरात मेट्रोची कारशेड, त्याच ऑक्टोबरात आरेत तोडलेली दोन हजारांवर झाडं, सगळं समजावलं. गाण्याचं नाव? वारल्यांचा उठाव.

आजीचे हात थांबले. “तो तर आमच्या तलासरीकडं झाला. गोदूताई आल्या तेव्हा. माझा बाप लग्नगडी होता.”

म्हणजे १९४५ चा उठाव! नावातच होता, आणि मला दिसला नव्हता. लग्नगडी म्हणजे नवरदेवाचा सोबती असेल, असं मी म्हणालो. आजी हसली नाही.

“लग्नाला सावकाराचं कर्ज घ्यायचं, मग नवराबायकोनं जन्मभर त्याच्याकडं राबायचं. तो लग्नगडी.”

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी उठावाचा संदर्भ नीट सांगितला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’चं नावही घेतलं. लग्नगडी माझे पणजोबा होते, हे मात्र बोललो नाही. ते इथं लिहितो आहे.