चाव्या, मखर आणि बारसं

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत! गणेश चतुर्थी होती २७ तारखेला. म्हणजे आधी सामान लावायचं की मखर बांधायचं?

चाळीत बारसं असलं की पाळणा खोलीत आणि पंगत बाहेर पॅसेजमध्ये. शेजारणीला वेगळं बोलावणं लागत नसे, घुगऱ्यांचा वास पुरे. घरातल्या घरात संडास असण्याचं सुख मात्र या सगळ्या आठवणींहून मोठं, हे चाळीतली कोणतीही आजी सांगेल. तरी लिफ्टमधून बाहेर पडल्यावर तिची नजर एखादं उघडं दार शोधतेच.

नव्या जागेत कार्य काढाल तेव्हा पहिलं बोलावणं मजल्यावरच्या शेजाऱ्यांना द्या.