आई मागच्या सीटवर

वेळास हे आईचं माहेर. पुण्याहून एसटीने जायचं तर गाड्या बदलत, मंडणगडला ताटकळत जावं लागतं आणि पोचेपर्यंत तिचे गुडघे आखडतात. "तुझ्या मोटारसायकलवरून गेलो तर?" असं तिनेच दिवाळीत विचारलं. तिची साठी उलटलेली, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं नाही. मागे बसणाऱ्याच्या हातात ना हँडल असतं ना ब्रेक, समोरचा खड्डाही त्याला दिसत नाही. एवढ्या भरवशाने कुणी आपल्या मागे बसणार असेल, तर तयारीला चार दिवस लागले तरी लागू द्यावेत, अशा मताचा मी आहे.

तयारी हेल्मेटपासून सुरू झाली. घरात माझं एक जादाचं होतं, पण ते आईच्या डोक्यावर गरगर फिरायचं. सैल हेल्मेट पडताना डोक्यावर राहीलच असं नाही. म्हणून तिला दुकानात घेऊन गेलो. तिथे अडचण आली अंबाड्याची. अंबाडा असला की हेल्मेट पुरतं खाली उतरेना, कपाळ उघडं राही. आईने आरशासमोर उभं राहून अंबाडा सोडला, मानेशी सैल वेणी घातली आणि मग आयएसआयचं ते हेल्मेट नीट बसलं. पट्टा आवळून मी तिला मान जोरात हलवायला सांगितली. हेल्मेट डोक्याबरोबरच हललं, तेव्हा पैसे दिले.

मग कपड्यांचा विषय निघाला. साडी नेसून एका बाजूला बसणं तिच्या सवयीचं. पण एकांगी बसलेल्या माणसाचा सगळा भार डावीकडे येतो, आणि गचकन ब्रेक लागला तर त्याला धरायला धड काही नसतं. घाटात तसं नेणार नाही, हे मी आधीच सांगितलं. तिने पंजाबी ड्रेस घातला आणि ओढणी बॅगेत टाकली. चाकात ओढणी किंवा पदर अडकून झालेले अपघात आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहेत. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि धरायला दांडी हे सगळं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीचं केलं आहे. तरी गाडी देखणी दिसावी म्हणून लोक साडीगार्ड काढून ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

गॅरेजवाल्याकडून मागचा शॉकअप दोन खाचा कडक करून घेतला. कंपनीच्या पुस्तकात दोघांसाठी मागच्या टायरची हवा वेगळी दिलेली असते, तेवढी भरली. मागे वजन आलं की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, म्हणून तोही खाली घेतला. सामान दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खालच्या अंगाला. आईच्या पाठीला काही नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी उजाडल्यावर निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड. गाडीवर चढायची पद्धत आदल्या संध्याकाळी मैदानात घोटून घेतली होती: माझे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, मी "बस" म्हटलं की डाव्या बाजूने चढायचं. उजवीकडे सायलेन्सर असतो, पोटरी भाजते. एक हात माझ्या कमरेला, दुसरा मागच्या दांडीला. मांडीवर दोनदा थापटलं की थांबायचं. वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही खूण.

पौडच्या बाजारात एका स्कूटरवर चौघं दिसले. लहानगा पुढे उभा, धाकटं बाळ आईच्या कडेवर आणि हेल्मेट एकाच्याही डोक्याला नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार चालकामागे एकच माणूस बसवता येतो. चार वर्षांखालच्या मुलाला नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा, डोक्याला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आई मागून म्हणाली, "तुम्हा दोघांना तुझे बाबा असंच न्यायचे रे." खरं आहे, आमची सगळी पिढी तशीच वाढली. पण तेव्हाचे रस्ते, तेव्हाची रहदारी आणि तेव्हाचे वेग आता राहिलेले नाहीत.

मुळशी धरणाचं पाणी उजव्या हाताला पसरलेलं होतं, काठाला धुकं. भातं कापून झालेली, खळ्यांत उडव्या रचलेल्या. निवे मागे पडलं आणि ताम्हिणीची वळणं सुरू झाली. पहिल्याच वळणावर आई घाबरून उलट्या बाजूला कलली आणि गाडी बाहेरच्या अंगाला ओढली गेली. मी कडेला थांबवली. "वळण डावीकडे असेल तर माझ्या डाव्या खांद्यावरून बघ, उजवीकडे असेल तर उजव्या. बाकी काही करू नकोस, माझ्याबरोबर राहा," असं सांगितलं. पुढच्या तीन-चार वळणांत तिला ते जमलं आणि गाडी एकदम हलकी वाटू लागली. मागचा माणूस वळणात चालकाचं अंग होऊन बसला, तरच घाट सुखाचा होतो.

उतार लागल्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. दोघांच्या वजनाने गाडी थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून पुढच्या टेम्पोपासून एकट्याने असताना ठेवतो त्याच्या दुप्पट लांब राहिलो. ब्रेक दोन्ही, पण हळूहळू दाबत. एकदम दाबला की मागचा माणूस अंगावर येतो, त्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर आपटतं आणि नेमक्या त्या क्षणी हातावरचा ताबा ढळतो. विळ्यापर्यंत तसा टकटकाट झाला नाही, याचं मला समाधान वाटलं. दरीकडे बघत आई काहीतरी गुणगुणत होती.

माणगावात महामार्गाची नेहमीची कोंडी. तिथेच जेवलो आणि म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो. ऊन, पोटात भात, रस्ता बरा. थोड्या वेळाने माझ्या कमरेवरचा हात सैल पडल्याचं जाणवलं आणि पाठोपाठ खांद्याला हेल्मेट टेकलं. आईला डुलकी लागली होती. प्रवासात मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते. चालकाला झोप येऊ नये म्हणून सगळे जपतात, मागच्याची कुणी विचारत नाही. झोपलेला माणूस साध्या स्पीडब्रेकरवरसुद्धा घसरून पडतो. मी एका हाताने तिचा हात धरून ठेवला, वेग अगदी कमी केला आणि पुढच्याच झाडाखाली थांबलो. "झोपले नव्हते रे, डोळे मिटले होते," आई म्हणाली. तिने तोंडावर पाणी मारलं, पाय मोकळे केले. वेळासला उशिरा पोचू, पण तू अर्धा तास पड, असं मी म्हटलं. ती खरंच आडवी झाली आणि मी शेजारी बसून राहिलो.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. पलीकडे वेसवी, मधे गाड्या नेणारी बोट, जंगलजेटी. जेटीच्या उतरणीवर भरतीचं पाणी येऊन गेलेलं, कडेला शेवाळ, पुढे बोटीचा ओला लोखंडी पत्रा. इथे आईला उतरवलं. ती चपला सांभाळत, एका बाईचा हात धरून चालत बोटीवर गेली आणि मी एकटाच पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून गाडी चढवली. शेजारच्या एकाने बायकोला मागे बसवूनच गाडी घातली. पत्र्यावर चाक सरकलं, चौघांनी धावून धरलं म्हणून बरं. पाण्यात, वाळूत, खडीवर किंवा असल्या पत्र्यावर मागच्याने उतरून चार पावलं चालावं. त्यात कमीपणा कसला?

वेसवीहून बाणकोटमार्गे खाडीकाठच्या अरुंद रस्त्याने निघालो. आता आई आपणहून वळणाकडे बघत होती आणि समोर गुरं दिसली की माझ्या आधी खांद्यावर हात ठेवत होती. नाना फडणवीसांचं आणि कासवांचं गाव म्हणून वेळास लोकांना ठाऊक आहे. आईला ते पाणंदी आणि सुपारीच्या वाड्यांनी ठाऊक. दिवस कलताना मामाच्या अंगणात गाडी उभी केली, तेव्हा गुडघ्यांची तक्रार तिच्या तोंडून निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी मामेभावाची बायको म्हणाली, "भावोजी, मला नि बाळाला मंडणगडला सोडता का?" बाळ दीड वर्षाचं. मी नाही म्हटलं आणि दोघांना रिक्षा करून दिली. तिला थोडं लागलं असेल, पण त्याला माझा इलाज नव्हता.

घरात मोटारसायकल असेल, तर हेल्मेटं निदान दोन असू द्या. आणि दुसरं विकत घेताना, ज्या डोक्यावर ते बसायचं आहे त्या माणसाला दुकानात बरोबर न्या.