चौथा चरण

न्हावा शेवा बंदराचे दिवे रात्रभर मालवत नाहीत. १९८९ साली हे बंदर सुरू झाले आणि रोजगाराच्या ओढीने आलेल्या कुटुंबांबरोबर काही ख्रिस्ती घरेही या परिसरात वसली. अशाच एका घरातील वृद्ध मातेने, समुद्रात हरवलेल्या आपल्या मुलाच्या वर्षदिनाच्या मिस्सासाठी एक ओवी रचून आमच्या हाती दिली. "फादर, जरा नीट करून द्या," एवढेच त्या म्हणाल्या.

ओवीच्या पहिल्या तीन चरणांत बंदराचे दिवे, अंधारातील होडी आणि आईची हाक होती; तिन्हींच्या अंती यमकही साधले होते. चौथ्या चरणात मात्र दोनच शब्द होते: 'दार उघडे'. सेमिनरीत अलंकार आणि वृत्ते शिकलेले आमचे मन ते अपुरेपण सोसेना. आम्ही चौथा चरण लांबविला, यमक जुळविले आणि मुलाला विझलेल्या ताऱ्याची उपमाही देऊन टाकली.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. म्हणाल्या, "फादर, सुंदर झाली. पण हिच्यात मला श्वास घ्यायला जागा नाही. आणि माझा पोरगा विझला असे मी कुठे म्हटले?"

आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' पुन्हा उघडले. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रचला आणि तो १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. त्यांची ओवीही अशीच आहे: तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. रेव्हरंड टिळकांनी ज्या अभंगाला आपली भक्ती वाहिली, त्याच्या मोठ्या प्रकारातही सहा-सहा-सहा अक्षरांनंतर चौथा चरण चारच अक्षरांचा असतो. तीन चरण चढत जातात, चौथा थांबवितो. ऐकणाऱ्याचे मन त्या थांब्यात अर्थाला भेटते.

अलंकारांचेही तेच. उपमा 'सारखा' म्हणून दोन वस्तू शेजारी ठेवते. रूपक दोहोंतील भेदच पुसून टाकते. त्या मातेचे 'दार' म्हणजे घराचे दार, तिचे हृदय आणि पुनरुत्थानाची आशा, सारे एकच होते. आमच्या उपमेने ते दार लावून घेतले होते.

आम्ही मूळ कागद तसाच परत केला. मिस्साच्या शेवटी त्यांनी ओवी म्हटली. चौथ्या चरणानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या घरीही आजीच्या ओव्या असतील. त्या लिहून ठेवा. मात्र आखूड चरण लांबवू नका. तिथे कोणीतरी श्वास घेतलेला असतो.