नऊ शेपट्यांची सॅक

आमच्या पासष्टीनिमित्त चिरंजीवांनीं आम्हांस एक सॅक आणून दिली. शाळेच्या वह्या आम्हीं जन्मभर एकाच खांद्यावरील कापडी पिशवींतून वाहिल्या. तो खांदा हल्लीं कुरकुरतो, सबब ओझें दोन्ही खांद्यांवर वांटलें जावें, हा चिरंजीवांचा सद्धेतु. सॅक उत्तम होती. परंतु तिला जागोजाग पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याचें टोंक बकलांतून बाहेर पडून मोकळें लोंबत असे. खांद्यांचीं दोन, कमरेचीं दोन, छातीवरचें एक आणि दोन्ही कुशींचीं मिळून चार, अशीं नऊ! वारा सुटला म्हणजे तीं अशीं फडफडत कीं, पोळ्याच्या बैलासही आमची शोभा पाहून संकोच वाटावा.

एके दुपारीं शहरांतल्याच एका बसमधून आम्ही उतरलों. पाय जमिनीस लागले, दार मिटलें, बस हालली आणि आमची पाठही तिच्याबरोबर चालूं लागली! कमरेच्या पट्ट्याचें टोंक दारांत अडकलें होतें. चार पावलें आम्ही बसच्या कडेनें उलटे धांवलों. पांचवें पडतें कीं आम्हीच पडतों, कोण जाणे. आंतल्या एका मुलीनें ओरडून बस थांबविली. दोष सर्वस्वी आमच्या गबाळेपणाचा. मात्र घरीं हा वृत्तान्त आम्हीं कोणास सांगितला नाहीं. या वयांत असें कांहीं कळलें कीं, घरची मंडळी प्रथम काळजी करतात आणि मग आपलें एकट्याचें बाहेर जाणें बंद करतात.

त्याच रात्रीं सौ.ची शिवणाची कात्री घेऊन आम्हीं नऊही शेपट्या छाटल्या. मुलांच्या निबंधांतील फाजील शब्द तांबड्या शाईनें कापण्यांत उमर गेलेला हात आमचा. त्यास यांत विशेष तें काय? संस्कृत व्याकरणांत प्रत्ययांना अनुबंध म्हणून कांहीं अक्षरें जोडलेलीं असतात व रूप सिद्ध होतांना तीं गळून पडतात. तशांतलाच हा प्रकार, असें आम्हीं मनाचें समाधान केलें. तीं अक्षरें आपलें कार्य उरकून मग गळतात, एवढें मात्र सोयीस्करपणें विसरलों.

पुढें पौषांत नातवाबरोबर सिंहगडावर निघालों. पहाटेचा गारठा, म्हणून अंगांत जाड स्वेटर. सॅक चढविली तों पट्टे कांखेंत काचूं लागले. सैल करावे, तर सैल करण्यास पट्टा शिल्लकच नाहीं! तसेच चढलों. अर्ध्या वाटेवर, मुरमाड चढणीवर, डाव्या खांद्याचा पट्टा बकलांतून निसटला आणि सबंध ओझें एका अंगास फिरलें. तोल गेला. नातवानें दंड धरला म्हणून निभावलें. बसून पाहतों तों कापलेल्या टोंकाचा, धागे सुटून, कुंचला झालेला. पट्ट्याचें टोंक दुमडून शिवतात तें शोभेसाठीं नव्हे. ती जाड घडी बकलाच्या दांड्यांमधून जात नाहीं, म्हणून पट्टा सुटत नाहीं. नेमकी तीच घडी आम्हीं कापून टाकली होती.

“आजोबा,” नातू म्हणाला, “सूर्याजीनें दोर कापले ते लढाईसाठीं. तुम्हीं हे कशासाठीं कापलेत?”

१६७० सालच्या त्या दोरांची कथा आम्हीं वर्गावर्गांतून किती रंगवून सांगितली असेल! त्याच गडावर हा प्रश्न यावा! निमूटपणें बसची हकीकत सांगितली. संध्याकाळपर्यंत ती आजीच्या कानीं गेलीच.

सौ. कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, “अहो, पदर लोंबतो म्हणून कोणी कापतं का? खोचतात.”

दुसऱ्या दिवशीं नायलॉनची पट्टी आणवून, अंगुस्तान घालून तिनें जुने पट्टे उसवले व नवे शिवले. सुईंत दोरा ओवतांना तिचा हात कांपत होता. तो वयामुळें, असें आम्हीं मानलें. पट्टी कापल्यावर तिची कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरावयाची, म्हणजे नायलॉन वितळून धागे एकमेकांस चिकटतात. (सुती नाडीवर हा प्रयोग करूं नये, ती पेटते.) मग टोंक दोनदां दुमडून टांके घालावयाचे. लोंबत्या भागाची टोंकाकडून बकलाकडे चपटी गुंडाळी करून तीवर रुंद इलॅस्टिकचें कडें चढविलें कीं झालें. स्वेटरच्या दिवसांत कडें सरकवून हवा तेवढा पट्टा सोडतां येतो. आम्हीं आधीं रबरबँड लावून पाहिले होते, ते उन्हानें चिरफळून तुटले. कमरेचे पट्टे गांवांत लागतच नाहींत, म्हणून ते सॅकच्याच भोंवतीं फिरवून बकल लावतों. आणि बसमधून उतरण्यापूर्वीं सॅक पाठीवरून काढून पुढें हातांत घेतों.

आमचें एकट्याचें बाहेर जाणें बंद झालें नाहीं. मात्र निघतांना सौ. दारापाशीं आम्हांस पाठमोरें उभें करते आणि गुंडाळ्यांवरून बोट फिरवीत मोजते. “नऊ?” ती विचारते.

“नऊ,” आम्ही हजेरी देतों, आणि मग कडी निघते.