वाजणारा बाजा कापू नये

डीजेनं वराती ताब्यात घेतल्या, तसे बँड पार्ट्यांचे जुने बाजे परभणी, सेलू, गंगाखेडच्या मोडवाल्यांकडे येऊ लागले. ट्रंपेट असो की युफोनियम, तिथं भाव किलोवर ठरतो आणि पुढची वाट थेट भट्टीची. त्या वाटेवरचे बाजे अडवून त्यांचे दिवे आणि भिंतीवरच्या शोभेच्या वस्तू करणं हा माझा धंदा. तरीही बाजा हातात आला की मी आधी करवत नाही, पाण्याची बादली काढतो.

नळीची तोंडं बंद करायची, बाजा पाण्यात बुडवायचा आणि हवा भरायची. बुडबुडे सांध्यातून आले तर डाख निघालाय. तो पुन्हा देता येतो. पिस्टन अडकले असतील तर तेल सोडून धीर धरायचा, पक्कड लावायची नाही. या तीन कळांवरच सगळं गाणं चालतं. मधली दाबली की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिलीनं एका स्वरानं, तिसरीनं दीड. कळा चालतात, नळी धड आहे, असा बाजा मी कापत नाही. दुरुस्त करून वाजवणाऱ्याच्या हाती देतो.

ज्याला इलाज नाही, तो वेगळा ओळखू येतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं फुंकरीचा ओलावा आत साचला की जस्त निघून जातं आणि ठिसूळ तांबं मागं राहतं. नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात. हा रोग आतून बाहेर येतो, म्हणून ठिपका दिसेपर्यंत नळी पोखरलेली असते. असाच बाजा माझ्या दिव्याचा धनी.

पॉलिशच्या आधी मी शिक्का शोधतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या मुलखात एखादा अस्सल जर्मन बाजा निघावा, अशी आशा असते. निघतो तो बहुधा मेरठचा. तिथल्या जली कोठीत आजही बँडचे बाजे बनतात, आणि नादिर अली हे नाव तर 1885 पासूनचं. ‘बूझी अँड हॉक्स’ असं विलायती नाव असेल तर बाजा 1930 नंतरचा, कारण त्या दोन कंपन्या त्याच वर्षी एक झाल्या. शिक्का घासून गेला की बाज्याचा जन्मदाखलाच गेला. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदाही आठवावा लागतो.

काम करताना आगीला जपायचं. पितळ नऊशे अंशांच्या पुढं वितळतं, पण कथील-शिशाचा डाख 183 अंशांच्या आसपासच सुटतो. एक सांधा तापवताना शेजारचा उघडतो, म्हणून त्यावर ओलं फडकं ठेवतो. डाखात शिसं असल्यानं घासताना तोंडाला मास्क, आणि या वस्तूंत फळं किंवा फराळ ठेवू नका, असं गिऱ्हाइकाला बजावतो.

ट्रंपेटची नळी उलगडली तर साधारण साडेचार फूट, युफोनियमची नऊ. एवढ्या वळणांतून वायर ओढण्याचा हट्ट मी धरत नाही. पिस्टन काढून त्या वाटेनं ती कर्ण्यापर्यंत नेतो. भोक पाडावं लागत नाही आणि पिस्टन जपून ठेवता येतात. दिवा एलईडीचाच, कारण साध्या बल्बच्या उष्णतेनं लाखेचा थर काळवंडतो. पितळातून वीज सहज वाहते, म्हणून अर्थिंगची तार आणि तीन पिनांचा प्लग हवाच. हौशी दिव्यांत नेमकं हेच राहून जातं.

दिवाळीत घरी पितळ उजळायला चिंच चांगली, पण भिजत ठेवू नका. आंबट पदार्थ जस्त खातो आणि पितळ गुलाबी पडतं. लावा, चोळा, लगेच धुऊन कोरडं करा.

हॉटेलवाल्यांना सगळं चकचकीत आणि गुळगुळीत हवं असतं. मी पोचे मुद्दाम ठेवतो. ते वराती-मिरवणुकीत पडले. ‘नवीन बाजा आणून कापून द्या’ अशीही मागणी येते. ती ऑर्डर मी घेत नाही. आमच्या जिल्ह्यात अजून फुंकणारी पोरं आहेत, आणि चालता बाजा त्यांना भंगाराच्या भावात मिळाला तर माझा एक दिवा कमी झालेला मला चालतो.