न घातलेलं रेझिन

कार्बन फायबरचं बॉनेट घरी करता येतं का, असं विचारायला येणाऱ्याला मी आधी वजनकाटा घ्यायला सांगतो. पंप नंतर, कापड त्याहूनही नंतर. किराणा दुकानात असतो तसा, ग्रॅम दाखवणारा साधा काटा. या सगळ्या खटाटोपाचं फळ तिथेच दिसणार असतं आणि बहुतेक जण नेमके तिथेच बघत नाहीत. बाजारात ‘कार्बन बॉनेट’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक वस्तूंवर कार्बनचं एकच कापड असतं. त्याच्या खाली काचेच्या मॅटचे जाडजूड थर आणि ते भिजून वर उरेल एवढं रेझिन. उचलून बघा, मूळ पत्र्याच्या बॉनेटपेक्षा फारसं हलकं लागत नाही.

हिशेब अवघड नाही. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7 मिलिमीटरचा, त्याचा एक चौरस मीटर साडेपाच किलो भरतो. तेवढ्याच जागेवर 200 ग्रॅमच्या ट्विल कापडाचे चार थर घातले तर कापड झालं 800 ग्रॅम. आता त्यात रेझिन किती राहिलं, यावर पुढचं सगळं ठरतं. ब्रश आणि रोलरने काम केलं तर कापडाइतकं तरी राहतंच. हात सैल असेल तर किलोच्या पुढे जातं. कोरडं कापड साच्यात अंथरून, वर प्लास्टिक चिकटवून, आतली हवा काढून मग रेझिन आत ओढू दिलं, की तेच साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास थांबतं. ताकद धाग्यात असते. रेझिनने धागे जागच्या जागी धरून ठेवायचे, बस. त्याहून जास्त झालेलं रेझिन म्हणजे नुसतं वजन, आणि तेही ठिसूळ.

1987 साली आलेल्या फेरारी एफ 40 वर रंगाचा थर इतका पातळ होता, की उजेडात खालची वीण दिसायची. वजन वाचवायला रंग कमी मारला, म्हणून वीण दिसली. आता नेमकं उलटं चालतं. वीण दिसावी, चकाकावी म्हणून वर क्लिअरचा काचेसारखा थर चढवतात. 0.3 मिलिमीटर क्लिअर म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅम. तेवढ्यात जवळजवळ दोन थर कापड आलं असतं. मी माझी बॉनेटं पांढरी रंगवतो. बघणारे हळहळतात, ‘अहो, मग कार्बनचा उपयोग काय?’ म्हणतात. पण कापडात ओढलेलं इपॉक्सी रेझिन उन्हाने पिवळं पडतं, तेव्हा त्याला काहीतरी पांघरूण द्यावंच लागतं. शिवाय काळा भाग एप्रिलच्या पुण्यात दुपारी किती तापतो, हे हात लावणाऱ्याला विचारा. घरच्या तापमानात सुकलेलं इपॉक्सी साठ-सत्तर अंशांना मऊ पडू लागतं. म्हणून भाग साच्यात असतानाच तापमान हळूहळू चढवत शेकून घ्यावा लागतो. त्यासाठी प्लायवूडची पेटी, आत ग्लासवूल आणि एक हीटर एवढं पुरतं.

खरं काम मात्र साच्याचं. कार्बनचं कापड अंथरणं, रेझिन ओढणं हा एका दिवसाचा सोहळा; साच्याला आठवडे जातात. मूळ बॉनेट उतरवायचं, पोचे काढायचे, लांबी भरायची, टू-के रंग मारायचा आणि वॉटर पेपर घेऊन बसायचं. 400 पासून सुरू करून 2000 पर्यंत. पत्र्यावर जे दिसणार नाही असं वाटतं ते साच्यात उतरतं आणि साच्यातून प्रत्येक भागावर. मग वॅक्सचे सहा-आठ हात, प्रत्येक हातानंतर थांबून. वर पीव्हीएचा पातळ पडदा. जेलकोट, त्याच्यामागे बारीक टिश्यू, मग 450 ची मॅट. एका दिवसात एक-दोनच थर. घाई करून सगळे एकदम चढवले तर रेझिन तापतं, आक्रसतं आणि साचा वाकतो. मागच्या बाजूच्या फासळ्या साचा पूर्ण सुकल्यावरच चिकटवायच्या, नाहीतर त्यांच्या रेषा पुढून उमटतात. कडेला चार ते सहा इंचांची पट्टी सोडायची, कारण व्हॅक्यूमचं प्लास्टिक तिथे चिकटणार असतं. भोसरीच्या एका गाळ्यातले फायबरवाले काका साचा बघायला डोळे मिटून हात फिरवतात. त्यांचा हात जिथे थांबला तिथे मी वादाला जात नाही.

हा साचा पॉलिएस्टर रेझिनचा असतो; त्याबद्दल एक गोष्ट दरडावून सांगायची आहे. कोबाल्ट आणि एमईकेपी हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोळवायचं, हार्डनर त्यानंतर. थेट मिसळले तर भडका उडतो. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवणाऱ्याच्या घरी मी चहासुद्धा घेत नाही.

कार्बनचा अख्खा सांगाडा फॉर्म्युला वनमध्ये आला तो 1981 साली, मॅकलॅरेनच्या एमपी 4/1 या गाडीतून. जॉन बर्नार्डने आराखडा केला आणि तो घडवला अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या हर्क्युलिस कंपनीने. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनची ती गाडी जोरात आदळली, इंजिन तुटून वेगळं झालं आणि वॉटसन चालत बाहेर आला. लोकांची शंका फिटली. पण तसले सांगाडे ऑटोक्लेव्हमध्ये, कित्येक वातावरणांच्या दाबाखाली शिजवतात. घरी आपल्याला दाब मिळतो एकाच वातावरणाचा, तोही फुकट.

आणि पुण्यात तो पुरता एकही नसतो. समुद्रसपाटीपासून आपण साडेपाचशे मीटरच्या वर. पंप कितीही चांगला असो, गेजचा काटा 28 इंचांच्या आसपास थांबणार. मुंबईचा मित्र ‘माझा 29 च्या वर जातो’ म्हणतो तेव्हा इथला नवखा रात्रभर गळती शोधत बसतो. पंपात दोष नसतो, हवाच तेवढी आहे. तरीही चौरस मीटरवर साडेनऊ टनांचा भार पडतो. कापड दाबून बसवायला तो पुरेसा आहे. एसी मेकॅनिक वापरतात तो दोन टप्प्यांचा पंप चालतो. पंप आणि साचा यांच्यामध्ये जादा रेझिन अडवायला भांडं लागतं. त्यासाठी जुना कुकर उत्तम, पण बाहेरून झाकण बसणारा. आतल्या झाकणाचा कुकर व्हॅक्यूममध्ये झाकणच आत ओढून घेतो. प्लास्टिक कोपऱ्यांत ताणलं गेलं तर तिथे कापड साच्यापासून सुटून उभं राहतं, म्हणून भरपूर चुण्या घालायच्या. मग पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, आणि पाव तास काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला तर रेझिन कालवायचं नाही. नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं कडेकडेने फिरवलं, की गळती बारीक शिट्टी वाजवते. या पाव तासात घरातल्या कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही.

ऋतूही सांभाळावा लागतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिनचा हातातला वेळ साधारण निम्मा होतो. उन्हाळ्यात काम पहाटे, आणि कालवलेलं रेझिन मगात न ठेवता पसरट ट्रेमध्ये. मगात ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडू लागतं. पावसाळ्यात दमट हवेने इपॉक्सीवर तेलकट साय येते. ती पाण्याने घासून काढल्याशिवाय मारलेला रंग टिकत नाही. दिवाळीनंतरचे महिने सगळ्यांत चांगले, फक्त डिसेंबरच्या रात्री रेझिन घट्ट होऊन पुढे सरकत नाही. ते आधी कोमट करून घ्यायचं.

बॉनेटच्या ताठपणाचं गुपितही कापडात नाही. पत्र्याचं बॉनेट ताठ राहतं ते आतल्या चौकटीमुळे. कार्बनचे चारही थर एकावर एक घातले तर मोठा सपाट भाग वाऱ्याने फडफडेल. दोन थर, मध्ये तीन मिलिमीटर पीव्हीसी फोम, पुन्हा दोन थर असं केलं, की ताठपणा नुसत्या पत्र्याच्या वीसपटीच्या आसपास जातो आणि वजन चौरस मीटरला दोन किलोंच्या आत राहतं. आतली चौकट बरीचशी गाळता येते. फोमच्या कडा उतरत्या कापायच्या. बिजागरी आणि लॅच येतात तिथे फोम नको, भरीव थरच हवेत. ॲल्युमिनियमची पट्टी कार्बनला थेट टेकली तर ओलाव्यात ती गंजते. मध्ये काचेच्या कापडाचा एक थर घातला की भागतं.

कापणं-घासणं पाण्यात, मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालून. कार्बनची धूळ अंगाला खाजते, फुप्फुसात जाते आणि वीजवाहक असल्यामुळे ग्राइंडरची मोटरही जाळते.

हे सगळं कुणासाठी? ऑटोक्रॉसच्या गाड्यांसाठी आणि कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी. रोजच्या गाडीचं बॉनेट बदलून द्या म्हणणाऱ्याला मी नकार देतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विम्याचे प्रश्न आहेतच, पण मला त्याहून मोठं वाटतं ते वेगळंच. धडकेत पत्रा चेपतो आणि चेपताना पादचाऱ्याचं डोकं थोडंफार सांभाळतो. कंपनीने त्याची चाचणी घेतलेली असते. माझ्या गॅरेजात ती होत नाही. कार्बन चेपत नाही, तडकतो, आणि त्याच्या कडा धारदार निघतात. ट्रॅकवर मात्र बॉनेट पिना लावून खुशाल वापरा.

आणि पहिला भाग काचेच्या कापडाचाच करा. साचा तोच, पंप तोच, रेझिन तेच, आणि कापड कितीतरी स्वस्त. तो भाग काट्यावर तुमच्या हिशेबाइतका भरला, की मग कार्बन मागवा.