हायरूलची दुसरी वाटचाल

प्रवास दोन परींचे असतात. एकांत मनुष्य कामासाठीं निघतो, दुसऱ्यांत केवळ तो देश पाहावा म्हणून. पहिल्यांत रस्ता लौकर सरावा असें वाटतें, दुसऱ्यांत तो सरूं नये असें वाटतें. खऱ्या भूमीप्रमाणें कल्पित भूमीलाही हें लागू पडतें, असा प्रत्यय आम्हांस नुकताच आला. जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें मार्च २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या व्हिडिओ गेममधील हायरूल देशाची वाटचाल आम्ही पुन्हां आरंभापासून केली. पहिल्या खेपेस हा देश आम्हांस आवडला होता; दुसऱ्या खेपेस त्याचा लळा लागला.

ज्या वाचकांस या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडें प्रास्ताविक करतों. लिंक नांवाचा तरुण योद्धा शंभर वर्षांच्या निद्रेनंतर एका गुहेंत जागा होतो. त्याची स्मृति लोपलेली असते. इतका काळ राजकन्या झेल्डा हिनें गॅनन नांवाच्या संहारक शक्तीस राजवाड्यांत एकटीनें कोंडून धरलेलें असतें. तिची सुटका करणें हें लिंकचें कार्य. गुहेबाहेर येऊन तो कड्याच्या टोकाशीं उभा राहतो, तों सारा देश समोर पसरलेला दिसतो. दूर राजवाडा, एका बाजूस मधोमध चिरलेलीं जोडशिखरें, क्षितिजावर धुमसणारा ज्वालामुखी. यांपैकीं कोणत्याही दिशेस पाय उचलून चालूं लागावें.

या देशाचीं अंतरें खऱ्या गांवावरून बेतलेलीं आहेत. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी हे मूळचे क्योतोचे. त्यांनीं क्योतोचा नकाशा खेळाच्या नकाशावर ठेवून अंतरांचा अंदाज घेतला. या मालेचे जनक शिगेरू मियामोतो यांचें बालपणही क्योतोजवळील सोनोबे येथें रानांत व गुहांत हिंडण्यांत गेलें, आणि १९८६ सालच्या पहिल्या ‘झेल्डा’स त्या भटकंतीचाच आधार होता. नव्या खेळांतील डोंगर बहुधा त्रिकोणी आकाराचे आहेत. मोठे डोंगर लांबून खूण म्हणून दिसतात, मध्यम डोंगर पलीकडचें दृश्य झांकून धरतात. चढून जावें कीं वळसा घालावा, हें प्रवाशानें ठरवावें. पलीकडे कांहींतरी नवें दिसतेंच.

या देशांत पाऊस पडला कीं खडक निसरडे होतात आणि चढणारा घसरतो. तलवारी थोड्याच घावांत मोडतात. कार्याच्या घाईंत असणाऱ्यास हीं विघ्नें वाटतात. दुसऱ्या खेपेस मात्र आम्ही पाऊस येतांच पुढें झुकलेल्या कड्याखालीं शेकोटी पेटवीत असूं, सफरचंदें भाजीत असूं आणि मेघ गडगडूं लागले कीं धातूचीं शस्त्रें अंगावरून उतरवून ठेवीत असूं. मधूनच पियानोचे चार स्वर उमटावे आणि पुन्हां नुसता वारा ऐकूं यावा. पाऊस उघडेपर्यंत कोठें जावयाचें नसे, आणि त्याचें वाईटही वाटत नसे.

मध्यभागच्या मैदानांत पूर्वी गांवें होतीं. तेथें अग्निबाण सोडणारे यांत्रिक पहारेकरी फिरत असल्यामुळें पहिल्या प्रवासांत तें मैदान आम्ही धांवतच ओलांडलें होतें. या वेळीं थांबलों. माबे गांवाच्या पडक्या भिंती पाहिल्या. शेजारींच घोड्यांच्या एका जुन्या कुरणाचे अवशेष आहेत. त्यांची आखणी १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ या खेळांतील लॉन लॉन कुरणाची आठवण करून देते. लिंकला स्वतःची ओळख पटावी म्हणून राजकन्येनें मागें बारा स्थळांचीं चित्रें ठेविलीं आहेत. तीं स्थळें तो शोधीत हिंडतो, आणि सोबत चालणाऱ्या आम्हांस मात्र एकेक वळण ओळखीचें. विसरलेल्या माणसास हात धरून त्याच्याच घरीं न्यावें, तशी कांहींशी ममता त्या चालण्यांत होती.

सर्वांत अधिक समाधान टॅरी या गांवीं लाभलें. हडसन नांवाचा सुतार अक्काला सरोवरांतील एका ओसाड भूखंडावर एकटाच खडक फोडीत असतो. त्यास लांकडाच्या मोळ्या आणून द्यावयाच्या: प्रथम दहा, मग वीस, तीस, पन्नास. माणसेंही शोधून आणावयाचीं; अट एकच, नांवाच्या शेवटीं ‘सन’ हवें. गोरोन, गेरुडो, रिटो, झोरा अशा चार जमातींचे लोक येतात, दुकानें उघडतात, आणि अखेरीस हडसनचा ऱ्हॉन्डसन या शिंपिणीशीं विवाह होतो. हें गांव न वसवितांही गॅननचा पराभव करतां येतो. पहिल्या खेपेस आम्ही तसाच तो केला होता. या खेपेस लग्न लागून गेल्यावर आम्ही बराच वेळ त्या चौकांत उभे राहिलों. राजवाड्याकडे वळण्याची घाई नव्हती.

घरांतील मुलें एखादा संपविलेला खेळ पुन्हां पहिल्यापासून मांडून बसलीं, तर वडील मंडळींनीं ‘हा तर झाला ना खेळून?’ असें विचारूं नये. घटकाभर शेजारीं बसावें आणि ती नदी पुढें कोठें जाते, तें दाखवावयास सांगावें.